एकास सहा पुष्पक: एका हिवाळ्याचा अनुभव

या विमानाविषयी लिहिण्यापूर्वी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की ते मी स्वतःहून कधीच मागवले नसते. ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षे मी मिग विमानांच्या पत्र्याचे काम केले. निवृत्तीनंतर रेडिओ नियंत्रणावर उडणारे एखादे विमान घ्यावे असे मनात आले, तेव्हा डोळ्यांसमोर मिग-२१ खेरीज दुसरे काही येणे शक्यच नव्हते. त्याची फोमची जेट प्रतिकृती मिळते, आतल्या विजेच्या पंख्याचा आवाज खऱ्या इंजिनाची पुसट का होईना पण आठवण करून देतो, आणि किंमतही मला परवडणारी होती. या छंदात दहा वर्षे मुरलेला माझा पुतण्या मात्र ऐकेना. "काका, मिगवर कोणी शिकत नसते. तुमचे पायलटसुद्धा आधी लहान विमानावरच शिकून आले होते ना?" असे म्हणून त्याने माझ्या वतीने पुष्पकचा संच मागवून टाकला आणि पैसे तेवढे मला द्यायला लावले.

हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेडने (आमचा ओझरचा कारखाना ज्या कंपनीचा, तिचेच हे जुने नाव) बंगळूरला बनवलेल्या 'पुष्पक' या दोन आसनी विमानाची ही एकास सहा प्रमाणातली, लाकडाची, स्वतः जोडायची प्रतिकृती आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ३६ फूट, म्हणून हिचा सहा फूट. खऱ्याची लांबी २१ फूट, म्हणून हिची साडेतीन. लेझरने कापलेले बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे आणि प्लायवूडचे भाग, स्प्रूसच्या पट्ट्या, चाकांची तार, पुढच्या काचेसाठी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणि दोन मोठे नकाशे एवढे खोक्यात येते. मोटर, बॅटरी, सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसिव्हर, चाके आणि आवरणाचे कापड वेगळे घ्यावे लागते. मला संच ११,८०० रुपयांना पडला आणि बाकीच्या सामानाला त्याहून थोडे जास्तच लागले. बनवणारी मंडळी मागणी येईल तसे थोडेथोडे संच कापून देणारी आहेत. पुढे त्यांच्याविषयी काही तक्रारी येणार आहेत, म्हणून त्यांचे नाव इथे घेत नाही.

आम्ही पंचवटीत राहतो. इथे पुष्पक हा शब्द लहानपणीच कीर्तनातून कानावर पडतो. लंकेहून अयोध्येला परतताना रामाने वापरलेल्या त्या विमानात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामीच राहते, असे कीर्तनकार रंगवून सांगतात. दिवाणखान्याच्या फरशीवर नकाशा पसरून मी हे दुसरे पुष्पक पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यात दोन माणसे खांद्याला खांदा लावून बसली की तिसऱ्याचा जेवणाचा डबा ठेवायलाही जागा उरणार नाही असे दिसत होते. बोजड नाक, चौकोनी खिडक्या, डोक्यावर फळीसारखा सरळ पंख, त्याला खालून टेकू दिल्यासारखे तिरके दांडे, आणि शेपटीखाली एक इवलेसे चाक. इंजिन ९० अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम मोटारगाडीएवढे. ज्याच्या हातांना मिगच्या निमुळत्या अंगाची सवय आहे त्याला हे रूप म्हणजे विमानांमधली लॅम्ब्रेटा वाटली, तर त्यात नवल नाही.

आपल्याच कंपनीच्या थोरल्या भावंडाविषयी मला जवळजवळ काहीच माहिती नव्हती, हे मात्र लाजिरवाणे होते. ओझरला मिगचा कारखाना १९६४ साली आला. पुष्पकने पहिले उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ रोजी केले होते. ते घडवणाऱ्या चमूचे प्रमुख डॉ. विष्णू माधव घाटगे हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेन येथे हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे नामवंत शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसाने १९५१ साली एचटी-२ हे शिकाऊ विमान आकाशात पाठवले, आणि नंतर फ्लाइंग क्लबांना परवडेल असे साधे, स्वस्त विमान हवे म्हणून पुष्पक केले. त्याची घडण अमेरिकेतल्या एरॉन्का चीफ या विमानाच्या वळणाची आहे: पोलादी नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, आणि नाकात कॉन्टिनेन्टलचे चार सिलिंडरचे इंजिन. अशी सुमारे दीडशे विमाने बनली, आणि देशभरातल्या क्लबांत त्यांवर शिकून किती जण पुढे मोठमोठ्या विमानांत जाऊन बसले. १९५९ मध्ये याच धर्तीवर अधिक ताकदीचे 'कृषक' तयार झाले. तोफेचे गोळे कुठे पडतात हे वरून पाहून सांगण्याच्या कामाला सैन्याने ते वापरले, आणि देवळालीच्या तोफखान्याच्या गावाशेजारी आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ते कधी कळलेही नव्हते.

माहितीने आदर वाढला, पण शंका गेली नाही. कुरिअरवाल्याने आणून दिलेले खोके उचलले तेव्हा आत काही आहे की नाही असे वाटावे इतके ते हलके होते. बाल्साची फळी हातात घेतली की नख रुतते. आमच्याकडे पत्रा जोडायचा तर दोन माणसे लागत; बाहेरून एकाने रिव्हेटची गन धरायची आणि आतून दुसऱ्याने बकिंग बार लावून रेटा द्यायचा. मध्ये पत्रा असल्यामुळे एकमेकांचे तोंड दिसत नसे, म्हणून पुन्हा मारायचे की पुढे जायचे हे टकटक करून सांगायचे. एक रिव्हेट तिरका बसला तर तो ड्रिल करून काढून दुसरा मारल्याशिवाय तपासनीस पुढे सरकू देत नसे. आणि इथे मी टाचणीने नकाशावर अडकवलेल्या दीड मिलिमीटरच्या फासळ्यांना पांढरा फेव्हिकॉल लावत होतो. हे आकाशात टिकेल असे मला पहिले दोन महिने खरोखरच वाटत नव्हते. पुतण्याने पंखाचा एक वाळलेला भाग दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला, त्यावर पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवली आणि चहा प्यायला निघून गेला. पंख किंचित वाकला, पिशवी काढल्यावर जागेवर आला. त्या दिवसापासून मी गोंदाविषयी बोलणे बंद केले.

संचातल्या त्रुटी अशा. डाव्या पंखाच्या दोन फासळ्या इतरांपेक्षा मिलिमीटरभर उंच कापल्या गेल्या होत्या. घासून जमवता आल्या, पण नवख्याला ते आवरण चढेपर्यंत लक्षातच आले नसते आणि पंखावर कायमचा उंचवटा राहिला असता. एक स्प्रूसची पट्टी मधोमध तडकलेली निघाली. फोटो पाठवल्यावर त्यांनी ती विनाशुल्क बदलून दिली, मात्र त्यासाठी बारा दिवस लागले. मोटर बसवायच्या प्लायवूडच्या भिंतीवर भोके होती, पण ती बाजारात सहज मिळणाऱ्या मोटरच्या भोकांशी जुळत नव्हती. पंखाचे तिरके दांडे नुसते शोभेचे नसून खरोखर भार घेणारे आहेत असे नकाशात लिहिले आहे, आणि तेच दांडे धरणाऱ्या पट्ट्या मात्र बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याच्या. त्या मी फेकून दिल्या आणि दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या कापून घेतल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीचा एवढा तरी उपयोग व्हावा. सूचनापुस्तिका इंग्रजीत आहे, आठ पानांची आहे आणि जिथे खरी अडचण येते नेमके तिथे 'नेहमीप्रमाणे जोडा' असे सांगून पुढे जाते. नेहमी म्हणजे कधी, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

या सगळ्याच्या जोडीला आपला पावसाळा. जुलैत एक पंख रात्रभर भिंतीला टेकवून ठेवला, तर सकाळी टोकाशी पीळ पडलेला. ओलसर हवेत बाल्सा वाळते आहे असे वाटते आणि वाकत असते. नाशिकमध्ये पावसाळ्यात हे काम करणाऱ्याने प्रत्येक भाग सपाट पाटावर वजनाखाली ठेवावा आणि शक्यतो गणपतीनंतरच आवरणाला हात घालावा, असे माझे मत आहे.

आवरणाचे कापड इस्त्रीने चिकटते आणि उष्णतेने आकसून ताणले जाते. त्यासाठीची छोटी इस्त्री वेगळी मिळते, पण मी घरातलीच वापरली, आणि तिच्या तळाला चिकटलेला लाल रंग लग्नकार्याला जायच्या माझ्याच पांढऱ्या सदऱ्यावर उतरला. "अहो, पुढच्या वेळी विमान धोब्याकडे टाका," एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नवी इस्त्री आणून जुनी मला कायमची देऊन टाकली. उजव्या पंखाचे आवरण मी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चढवले. तारीख लक्षात आहे, कारण त्या दिवशी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ साली हवाई दलात आलेले ते विमान टीव्हीवर शेवटचे उडत होते, कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांचे फोनवर फोन येत होते, आणि माझ्या हातातली इस्त्री सुरकुत्यांवरून हळूहळू फिरत होती. कापड आकसताना अगदी बारीक चुरचुर आवाज होतो. सैल, गचाळ दिसणारा पंख चार-पाच मिनिटांत ढोलकीच्या पानासारखा ताठ झाला आणि आतल्या फासळ्या एकसारख्या उमटल्या. खिडकीतून येणारे ऊन पलीकडून पडले तेव्हा आतली सगळी रचना दिसू लागली. पत्र्याच्या विमानात हे कधीच दिसत नाही. आम्ही आत केलेले काम पत्र्याखाली बंद होऊन जात असे. माझे मत बदलायला सुरुवात कुठे झाली असे कोणी विचारले तर मी तो पंख दाखवतो.

तयार विमान बॅटरीसह २.६ किलो भरले. समतोलाचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून ७० मिलिमीटरवर हवा, आणि नाक आखूड असल्यामुळे बॅटरी अगदी पुढे सरकवूनही शेपटी जडच राहिली. इथे टायरवाला कामी आला. मोटारीच्या चाकाचा समतोल साधण्यासाठी तो जे शिशाचे तुकडे लावतो, त्यांतले नव्वद ग्रॅम नाकात चिकटवले आणि प्रश्न मिटला. शेपटी जड असलेले विमान फार थोडा वेळ उडते, हे पुतण्याचे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवले आहे.

उडवायचे कुठे, हा नाशिककराला सगळ्यांत मोठा प्रश्न. एका बाजूला ओझरची धावपट्टी, दुसऱ्या बाजूला गांधीनगरचा लष्करी तळ, तिसरीकडे देवळालीचा तोफखाना. २०२१ च्या ड्रोन नियमांनी पंचवीस किलोपर्यंतच्या, करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या प्रतिकृतींना वेगळे स्थान दिले असले, तरी सरकारी डिजिटल स्काय नकाशात जागेचा रंग पाहिल्याशिवाय बॅटरीची पिन जोडू नये. आम्ही सिन्नरच्याही पुढे, नांदूर-शिंगोट्याच्या बाजूला, एका परिचितांच्या बाजरी काढलेल्या रानात जातो. सकाळी सातला वारा नसतो; दहा वाजले की तो उठतो आणि आम्ही आवरते घेतो. पहिल्या रविवारी दोन तास केवळ धसकटे उपटण्यात गेले. मालकांनी ट्रॅक्टरला फळी जोडून साठ पावलांची पट्टी सपाट करून दिली आणि मग बांधावर बसून, हे एवढे मोठे झालेले लोक काय करतात ते शांतपणे पाहिले.

पहिला प्रयत्न मी केला आणि तो फसला. मिगची सवय म्हणा किंवा अधीरपणा म्हणा, मी थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर वाढवणारी कांडी, एकदम वर ढकलला. शेपटीला चाक असलेल्या विमानाची चाल नाकाखाली चाक असलेल्या विमानासारखी नसते. त्याचे वजन मुख्य चाकांच्या मागे असते, म्हणून ते एकदा वाकडे जाऊ लागले की मागचा भाग पुढे यायला बघतो, आणि उतारावर सुटलेली हातगाडी गरकन फिरावी तसे विमान स्वतःभोवती फिरते. त्यात पंखा फिरण्याच्या दिशेमुळे जोर दिला की नाक डावीकडे ओढले जाते. माझे पुष्पक बारा-पंधरा पावले सरळ गेले, डावीकडे वळले, पंखाचे टोक मातीत घासले आणि पंख्याचे एक पाते तुटले. बांधावरून आवाज आला, "काय झालं, पाटा निघाला का?" पुतण्याने पंखा बदलला, फाटलेल्या कापडावर टेप लावली आणि म्हणाला, "काका, थ्रॉटल हळू, आणि डाव्या अंगठ्याने थोडा उजवा रडर धरून ठेवा." (रडर म्हणजे शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी.) दुसऱ्या वेळी थ्रॉटल इतक्या हळू वाढवला, की आधी शेपटी उचलली गेली, मग काही क्षण विमान दोन चाकांवर नुसते धावत राहिले, आणि त्यानंतर माझ्या आज्ञेची वाट न पाहता ते हलकेच जमिनीवरून सुटले.

पहिली चार उड्डाणे पुतण्याच्या देखरेखीत झाली आणि त्या काळात मला विमान आवडले असे म्हणता येणार नाही. ते मला अडाणी वाटत होते. उजवीकडे वळवायला रिमोटची स्टिक उजवीकडे दिली की पंख उजवीकडे कलत, पण नाक क्षणभर डावीकडे जाई, आणि मग सगळे विमान ओल्या फरशीवर पाय घसरावा तसे बाजूला सरकत वळे. फोमच्या शिकाऊ विमानांत हे फारसे जाणवत नाही. सरळ, लांब पंखांच्या या जुन्या धाटणीत ते ठळकपणे दिसते, आणि त्याचे कारण पंखाच्या मागच्या कडेवर असते. उजवीकडे कलण्यासाठी डावा पंख वर जावा लागतो, त्यासाठी डावे एलेरॉन, म्हणजे त्या कडेवरची हलती पट्टी, खाली येते, त्याने त्या पंखाची उचल वाढते आणि उचलीबरोबर हवेचा विरोधही वाढतो; विरोध वाढलेला पंख मागे राहतो आणि नाकाला आपल्याकडे ओढतो. त्यावर उपाय एकच, वळणात शिरताना त्याच बाजूचा रडर थोडा द्यायचा. एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जाईल अशी जोडणी केली तर त्रास निम्मा होतो. आम्ही नंतर ती केली, आणि पुस्तिकेत तिचा उल्लेख असायला हवा होता.

पाचव्या उड्डाणात, पूर्वेकडच्या लिंबाच्या झाडापाशी वळताना, दोन्ही अंगठे पहिल्यांदा एकाच वेळी हलले. नाक कुठेही न घसरता क्षितिजावर एखादी रेघ ओढावी तसे फिरले, उन्हात पंखाचे कापड क्षणभर पारदर्शक झाले आणि सगळ्या फासळ्या दिसल्या. मी काही बोललो नाही. गेल्या एकतीस वर्षांत किती रडर माझ्या हातांखालून गेले असतील; त्यांच्या बिजागऱ्या तपासल्या, पत्रे बदलले, मोजमापांच्या कागदांवर सह्या केल्या. रडर कशासाठी असतो हे मला पाठ होते. तो काय करतो ते त्या वळणावर, डाव्या अंगठ्याच्या पेराला कळले.

इथे या विमानाचा संथपणा, ज्याला मी सुरुवातीला नाके मुरडली होती, तोच कामाला येतो. मिग-२१ धावपट्टीवर टेकायचे ते ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याची प्रतिकृतीसुद्धा पापणी लवेपर्यंत रानाच्या पलीकडे जाते आणि आपण केलेली चूक कळायच्या आत दुसरी करावी लागते. पुष्पक जोरात सायकल मारणाऱ्याच्या फार तर दुप्पट वेगाने जात असेल. आपण हात हलवला, त्याचा परिणाम झाला, तो डोळ्यांना दिसला, चूक असेल तर दुरुस्त केली, एवढ्या सगळ्याला त्यात वेळ मिळतो. पुतण्याने मिगला नकार दिला तेव्हा मला तो माझ्या वयाचा हिशोब करतो आहे असे वाटून राग आला होता. त्याचा हिशोब वेगळा होता.

उतरवणे ही मात्र अजूनही परीक्षाच आहे. जमिनीच्या जवळ, पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत आले की हवेचा विरोध कमी होतो आणि हे विमान तरंगतच राहते. आपण थ्रॉटल बंद करून बसलेले असतो आणि ते कमरेएवढ्या उंचीवरून साठ पावलांची पट्टी ओलांडून शेजारच्या हरभऱ्यात जाऊन बसते. असे तीनदा झाले. हरभऱ्याचे नुकसान भरून द्यायला निघालो तर मालकांनी पैसे घेतले नाहीत, नातवाला मात्र एकदा उडवायला द्या म्हणाले. त्यांच्या नातवाने माझ्यापेक्षा बरे उतरवले, ते सोडून द्या. युक्ती एवढीच, की दूरवरूनच वेग कमी करत यायचे, आणि जमिनीलगत आल्यावर नाक हळूहळू वर धरत विमानाला उतरूच द्यायचे नाही. ते दमून स्वतः तिन्ही चाकांवर एकदम बसते. घाई केली तर पुढची चाके आपटून ते ससा उडावा तसे पुन्हा वर उडते. पट्टीवरच्या मऊ मातीत दोन रुंद आणि मध्ये एक बारीक अशा तीन रेघा उमटतात. नोव्हेंबरमधल्या माझ्या रेघा नागमोडी होत्या आणि मध्येच तुटलेल्या होत्या. मकरसंक्रांतीनंतरच्या एका रविवारी त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आल्या, तेव्हा पुतण्याने मोबाइलवर विमानाचा नव्हे तर मातीचा फोटो काढला.

आजवर एकेचाळीस उड्डाणे झाली. चार सेलच्या ३३०० एमएएच क्षमतेच्या बॅटरीवर दहा मिनिटे निवांत उडते आणि परत येण्यापुरता साठा उरतो. दुरुस्ती सोपी आहे. घासलेले पंखाचे टोक मी एका रात्रीत बाल्साचा तुकडा बसवून पूर्ववत केले, कोणाचीही सही न घेता. वारा ताशी पंधरा किलोमीटरच्या वर गेला की मात्र मोठ्या पंखामुळे ते पतंगासारखे हेलकावते, आणि त्या वेळी हट्ट धरू नये. सहा फुटांचा पंख दोन भागांत सुटतो, तरी लहान मोटारीत मागचे आसन पाडावेच लागते. रिक्षाने नेण्याचा प्रयत्न आम्ही द्वारका चौकात सोडून दिला.

ज्याला खोके उघडून त्याच संध्याकाळी उडवायचे आहे त्याने हा संच घेऊ नये. ज्याने आयुष्यात कधी करवत-कानस धरलेली नाही त्यानेही जाणकार सोबत असल्याशिवाय घेऊ नये, कारण पुस्तिका त्याला मदत करणार नाही. पैशांच्या मानाने लाकडाची प्रत आणि लेझरची सफाई, त्या दोन फासळ्या वगळता, मला चांगली वाटली. धातूचे सामान हलके आहे, आणि ते सुधारले तर शेदोनशे रुपये जास्त द्यायला कोणी कुरकुर करणार नाही. मी हे त्यांना फोनवर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि कृषकचे नकाशेही तयार होत आहेत असे सांगितले, तेव्हा आगाऊ रक्कम पाठवण्याआधी मी घरात विचारलेही नाही. जेटची चौकशी त्यानंतर मी केलेली नाही.

मागवणाऱ्यांना एकच सांगणे आहे. चाकांची तार संचातली वापरू नका. दुसऱ्याच उतरण्यात ती फाकते आणि विमान बदकासारखे पोटावर बसते. मी अंबड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून चार मिलिमीटरची स्प्रिंग स्टीलची तार त्याच मापात वाकवून घेतली. दीडशे रुपये लागले, आणि ती अजून सरळ आहे.